फळानंतरचे शरीर

वार्धक्यातील देहदुःख प्रारब्धाचा भाग म्हणून सोसावे की उपाय उपलब्ध असेल तर ते दूर करावे, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनाला नवा नाही. परंतु तो विचारताना डोळ्यांपुढे असलेला देह बहुतेक वेळा पुरुषाचा, आणि त्यातही संसारातून मन काढून घेण्याच्या वयाला आलेल्या पुरुषाचा होता. साठी-सत्तरीतील जिच्या गर्भाशयाने आपली जागा सोडली आहे, जिला बसता-उठता खाली ओझे जाणवते आणि खोकला आला तरी लघवी आवरत नाही, अशा स्त्रीच्या संदर्भात हा प्रश्न मांडला की त्याचे नेहमीचे उत्तर अपुरे पडू लागते. खानदेशातील जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत हा प्रश्न मांडण्याला विशेष औचित्य आहे, कारण देह आणि आत्मा यांच्या संबंधाविषयी विसाव्या शतकात जे गंभीर चिंतन झाले, त्यातील दोन महत्त्वाचे प्रसंग याच प्रदेशात, एक धुळ्याच्या तुरुंगात आणि दुसरा अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात, घडले. आणि कापसाच्या व केळीच्या शेतांत आयुष्य घालवलेल्या स्त्रियांचे हे दुखणेही त्याच परिसरात मुकाट्याने सोसले जात आले आहे.

या दुखण्याला वैद्यकात गर्भाशयभ्रंश म्हणतात आणि घराघरांत ‘अंग बाहेर येणे’ असे म्हटले जाते. कटिभागाच्या तळाशी असलेला स्नायूंचा आणि बंधांचा थर मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय या तिन्ही अवयवांना खालून धरून ठेवतो. अनेक बाळंतपणे, लांबलेल्या प्रसूती, बाळंतपणानंतर पुरेशा विश्रांतीविना पुन्हा डोक्यावर आलेले हंडे आणि भारे, चुलीच्या धुराने जडलेला जुना खोकला, कायमची बद्धकोष्ठता या सर्वांमुळे तो थर ढिला होतो. पाळी गेल्यानंतर शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाले की ऊतींचा उरलासुरला ताठपणाही जातो, आणि मग चाळिशीत अधूनमधून जाणवणारी तक्रार साठीत नित्याची होते. म्हणजे हे दुखणे वार्धक्यात प्रकट होत असले तरी त्याचे मूळ तारुण्यातील श्रमांत असते, आणि ते श्रम त्या स्त्रीने स्वतःसाठी क्वचितच केलेले असतात. प्रारब्धाचा विचार करताना ही गोष्ट बाजूला ठेवता येणार नाही.

किमान छेदाची शस्त्रक्रिया या नावाखाली आज ज्या पद्धती येतात, त्यांपैकी सर्वांत जुनी पद्धत योनीमार्गातून गर्भाशय काढण्याची आहे. जर्मन शल्यवैद्य कोनराड लांगेनबेक यांनी १८१३ मध्ये, म्हणजे भुलीचे औषध येण्याच्याही तीन दशके आधी, ती केल्याची नोंद आहे. तिच्यात पोटावर एकही छेद घ्यावा लागत नाही आणि कमरेत इंजेक्शन देऊन केवळ खालचा भाग बधिर करूनही ती करता येते. दुसरी पद्धत दुर्बिणीची: बेंबीजवळ आणि पोटाच्या कडेला अर्ध्या ते एक सेंटिमीटरची छिद्रे पाडून, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून, पडद्यावर पाहत अवयव सोडवला जातो; अमेरिकेत हॅरी राइश यांनी १९८८ मध्ये या मार्गाने गर्भाशय काढले आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. तिसरी पद्धत तपासणीची आहे. तिच्यात गर्भाशयाच्या मुखातून बारीक दुर्बीण आत घालून अस्तर पाहतात आणि त्याचा तुकडा परीक्षणासाठी घेतात. पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर ही तपासणी टाळू नये, कारण अशा साधारण दहा स्त्रियांपैकी एकीच्या बाबतीत त्या रक्तामागे अस्तराचा कर्करोग असतो. वृद्ध स्त्रीला या मार्गांचा मोठा लाभ असा की जखम लहान राहते, वेदना कमी होतात आणि ती लवकर उठून चालू लागते. उतारवयात अंथरुणावर पडून राहिल्यानेच रक्ताच्या गाठी, छातीतील संसर्ग आणि स्नायूंची झीज मागे लागत असल्याने लवकर उठण्याचे मोल फार आहे. मात्र दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेला वायू आणि डोके खाली ठेवण्याची स्थिती यांचा हृदयावर व फुप्फुसांवर ताण पडतो, म्हणून दम लागणाऱ्या वृद्धेसाठी नव्या यंत्रापेक्षा जुना योनीमार्गच अनेकदा अधिक सुरक्षित ठरतो. योनीमार्गातून कृत्रिम जाळी बसवण्याची पद्धत एके काळी मोठ्या आशेने स्वीकारली गेली होती, पण तिच्या दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये गर्भाशयभ्रंशासाठी त्या जाळीची विक्री थांबवली. लहान छेद म्हणजे लहान धोका, असे समीकरण मांडणे म्हणूनच योग्य नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वेदान्तात कर्माचे तीन भाग मानले जातात: साठलेले ते संचित, चालू असलेले ते क्रियमाण, आणि ज्याचे फळ या देहात भोगण्यास सुरुवात झाली आहे ते प्रारब्ध. प्रारब्ध ज्ञानानेही टळत नाही, ते भोगूनच संपते, अशी मान्यता असल्याने ‘हा भोग आहे’ हे वाक्य दुखणेकऱ्याला धीरही देते आणि त्याच्या आसपासच्यांना जबाबदारीतून मोकळेही करते. परंतु आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथाने हे वाक्य इतक्या सरळपणे स्वीकारलेले नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदे उद्ध्वस्त करणाऱ्या रोगांच्या विवेचनात, आयुष्याचे प्रमाण आधीच ठरलेले असते का असे अग्निवेश विचारतो, तेव्हा आत्रेयांचे उत्तर असे की आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वजन्मीचे कर्म आणि या जन्मीचा प्रयत्न, या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून असते. सर्व काही नियतच असते तर कोणी औषध घेतले नसते आणि हिंस्र पशूंपासून दूरही पळाले नसते. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात योनीच्या वीस विकारांचे वर्णन आहे आणि तेथे स्थान सोडून खाली आलेली योनी स्त्रीच्या शरीरात शल्यच मानली आहे. शल्य म्हणजे शरीरात रुतलेली, शरीराची नसलेली आणि म्हणून काढून टाकण्याजोगी किंवा जागी बसवण्याजोगी वस्तू. बाहेर आलेला भाग स्नेहन व स्वेदन करून, म्हणजे तेल लावून आणि शेक देऊन, पुन्हा आत बसवण्यास तेथे सांगितले आहे. रुतलेला काटा भोग म्हणून कोणी पायात ठेवत नाही, हे चरकाने गृहीत धरले होते. त्यानंतरच्या अनेक शतकांत घरगुती नीतीने मात्र हे गृहीतक या एका दुखण्यापुरते सोडून दिले, आणि याचे कारण धर्मशास्त्रापेक्षा लज्जेत अधिक शोधावे लागते.

धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. दुसऱ्या अध्यायाच्या विवेचनात विनोबांनी जीवनाचे तीन सिद्धान्त मांडले आहेत: आत्म्याचे अमरत्व, देहाची क्षुद्रता आणि स्वधर्माची अबाध्यता. जीर्ण वस्त्र टाकून नवे धारण करावे तसा आत्मा देह बदलतो, ही गीतेची प्रतिमा महाराष्ट्रातील प्रत्येक घराने ऐकलेली आहे, आणि वृद्ध स्त्रीच्या शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली की तिचाच आधार घेऊन ‘आता या वयात कशाला’ असे म्हटले जाते. परंतु येथे तीनपैकी एकच सिद्धान्त वापरला जातो आणि तिसरा विसरला जातो. विनोबांच्या मांडणीत देह क्षुद्र आहे तो स्वधर्माच्या आड येऊ नये म्हणून. देहाच्या आसक्तीने कर्तव्य सुटते, आणि त्या आसक्तीवर उपाय म्हणून देहाचे नश्वरत्व लक्षात ठेवायचे असते. ज्या स्त्रीचा देहच तिच्या स्वधर्माच्या आड उभा राहिला आहे, जिला देवापुढे मांडी घालून बसता येत नाही आणि नातवंडाला उचलून घेता येत नाही, तिच्या बाबतीत देहाच्या क्षुद्रतेचा सिद्धान्त उपचाराच्या बाजूने उभा राहतो. देहाची आठवण सतत करून देणारे दुखणे हीच देहाची सर्वांत मोठी आसक्ती असते, आणि ती जपतपाने सुटत नाही.

विनोबांच्याच आयुष्याचा शेवट या विचाराला आणखी एक बाजू जोडतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे आजारी असताना त्यांनी अन्न आणि औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्या निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात, पण तो निर्णय त्यांचा होता, पूर्ण जाणिवेने घेतलेला होता, आणि उपचार हाताशी असताना घेतलेला होता. खानदेशात मोठ्या संख्येने असलेल्या जैन समाजातील सल्लेखनेचे व्रतही असेच आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेची जी व्याख्या आहे, तिच्यात संकट, दुष्काळ, वार्धक्य वा रोग हे ज्यावर प्रतिकार उरलेला नाही असे असावेत, अशी अट आहे. म्हणजे देहत्यागाचा सर्वांत कठोर विचार करणाऱ्या परंपरेनेही आधी उपाय पाहावा आणि तो नसेल तरच विरक्तीचा मार्ग घ्यावा, असा क्रम ठेवला. ज्या स्त्रीला आपल्या दुखण्याला उपाय आहे हेच कोणी सांगितले नाही, तिच्या सोसण्याला वैराग्य म्हणणे हा वैराग्याचाही अपमान आहे. त्याग करण्यासाठी त्यागण्याजोगी वस्तू हातात असावी लागते. तिच्या हातात ती कधी दिलीच गेली नव्हती.

हे न सांगणे किती व्यापक असते, याचा पुरावा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला मिळाला. गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आणि त्याआधी केवळ ८ टक्के स्त्रियांची कधी तरी तशी तपासणी झाल्याचे दिसून आले. खानदेशातील शेतमजूर स्त्रीची स्थिती त्या काळी फार वेगळी असण्याचे कारण नव्हते. आज धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०१२ मध्ये राज्याची आरोग्य विमा योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होते. त्यामुळे अंतर आणि खर्च ही कारणे पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाहीत, आणि न सांगण्यामागे असलेली विचारसरणी अधिक उघडी पडली आहे.

ही विचारसरणी समजून घेण्यासाठी अमळनेरकडे पाहावे लागते. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये स्थापन झालेल्या तेथील तत्त्वज्ञान मंदिराने १९३० मध्ये कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. भट्टाचार्य पुढे काही काळ त्या संस्थेत होते. विषयी, म्हणजे जाणणारा, हा मुळात स्वातंत्र्यरूपच आहे आणि हे स्वातंत्र्य पायरीपायरीने उलगडत जाते, असे ते मांडतात. त्यातील पहिली पायरी देहाची आहे. बाहेरून दिसणारा देह आणि आतून जाणवणारा देह यांत त्यांनी भेद केला. दिसणारा देह इतर वस्तूंमधील एक वस्तू असतो, तर जाणवणारा देह कोणालाही वस्तू म्हणून दाखवता येत नाही, तो ज्याचा त्यालाच कळतो, आणि आपण जगापासून वेगळे कोणी तरी आहोत ही जाणीव मनुष्याला सर्वप्रथम त्यातूनच होते. अद्वैताच्या परंपरेत वाढलेला हा विचारवंत देहाला मिथ्या म्हणून वगळून पुढे जात नाही, तर मुक्तीकडे जाणारी वाट देहाच्या आतून सुरू करतो, हे फार महत्त्वाचे आहे. खानदेशातील घरात वृद्ध स्त्रीचा दिसणारा देह सर्वांच्या परिचयाचा असतो: तिचे भाकरी थापणारे हात, कापूस वेचून वाकलेली पाठ, सुरकुतलेला चेहरा. तिचा जाणवणारा देह, म्हणजे दिवसभर खाली ओढणारे ओझे, ओलसरपणाची धास्ती आणि बाहेर आलेला भाग हाताने आत सारल्याशिवाय लघवी न होणे, हा मात्र कोणाच्याच परिचयाचा नसतो. भट्टाचार्यांचे विवेचन खरे मानले तर येथे न ऐकली गेलेली गोष्ट केवळ एक तक्रार नसून त्या स्त्रीच्या स्वतंत्र असण्याची पहिली खूण आहे.

शुद्धाशुद्धतेच्या आचाराने हा प्रश्न आणखी अवघड केला आहे. पाळी जाणे ही कर्मठ घरातील स्त्रीसाठी धार्मिकदृष्ट्या एक सुटका असते. महिन्यातील चार दिवसांचे बाहेर बसणे संपते, देवघर कायमचे खुले होते, कानबाईच्या उत्सवातील रोटांपासून मोठ्या व्रतांपर्यंत सर्वत्र ती अधिकाराने वावरू शकते. आणि नेमक्या याच वयात लघवी न आवरणे सुरू झाले की ती स्वतःच स्वतःला पुन्हा बाहेर बसवते. कीर्तनाला जाणे सुटते, चैत्रात सप्तशृंगीच्या गडापर्यंत पायी जाणाऱ्यांची सोबत सुटते, मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीबरोबर महिनाभर चालण्याची तर गोष्टच नको. पाळी गेल्यानंतर दिसलेले रक्तही याच आचारामुळे लपवले जाते, कारण ते उघड झाले तर विटाळ पुन्हा मानावा लागेल. आणि ज्या कर्करोगाचे निदान लवकर झाले तर शस्त्रक्रियेने तो बरा होण्याची शक्यता चांगली असते, त्याला अशा रीतीने महिने बहाल केले जातात. ज्या आचाराचा हेतू देवाजवळ जाण्यासाठी शुद्ध राहणे हा होता, तोच आचार येथे एका भक्ताला देवापासून दूर ठेवतो आणि तिच्या जिवावरही उठतो. धर्माचा आस्थेने विचार करणाऱ्याला याहून गंभीर विसंगती क्वचितच सापडेल.

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचा घड उतरवला की ते खोड कापून टाकतात आणि शेजारी ठेवलेल्या पिलावर पुढचा बाग धरतात. केळ एकदाच फळते, म्हणून शेतीत हे योग्यच आहे. स्त्रीच्या देहाकडेही असेच पाहिले गेले, आणि हे पाहणे केवळ जुन्या घरांपुरते मर्यादित नव्हते. ‘आता त्या पिशवीचा काय उपयोग’ हे वाक्य दुर्लक्ष करणाऱ्या नातेवाइकाच्या तोंडी जितके सहज येते, तितकेच घाईने शस्त्रक्रिया सुचवणाऱ्याच्या तोंडीही येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांची राज्य शासनाच्या समितीने २०१९ मध्ये पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे चाळीसगावसारख्या खानदेशी तालुक्यांतूनही निघतात. मुले झाली की अवयव निरुपयोगी झाला, मग पाळीचा आणि मजुरी बुडण्याचा त्रास कशाला, हा तर्क तेथे तरुण स्त्रियांना लावला गेला. एकीकडे वृद्धेचे खरे दुखणे उपाय असून तसेच राहते, दुसरीकडे तिशीतील स्त्रीचा अवयव पुरेशा कारणाविना काढला जातो. दोन्ही ठिकाणी फळ हेच मोजमाप आहे. शासकीय मोजणीही यातून सुटलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भाशय काढल्याविषयी प्रश्न विचारले जातात, परंतु त्या पाहणीत मुलाखत होते ती १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांची. पन्नाशीनंतरची स्त्री त्या आकड्यांत येतच नाही.

शल्यशास्त्राच्या इतिहासातही हेच मोजमाप दिसते. मूळचे गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि मुंबईचे पुरंदरे यांनी गर्भाशय न काढता ते पट्टीच्या आधाराने वर धरून ठेवण्याच्या ज्या शस्त्रक्रिया विकसित केल्या, त्या मुख्यतः मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांसाठी होत्या, आणि त्या काळाच्या गरजेनुसार ते रास्तही होते. याउलट १८७७ मध्ये फ्रेंच शल्यवैद्य लेओं ले फोर यांनी वृद्ध स्त्रियांसाठी जी शस्त्रक्रिया सांगितली, तिच्यात योनीमार्गच जवळजवळ शिवून बंद केला जातो. ती थोड्या वेळात होते, अशक्त रुग्णालाही झेपते, आणि तिचे यशही उत्तम असते. आजही काही वृद्धांसाठी तीच सर्वांत योग्य आहे. परंतु तिच्यानंतर शरीरसंबंध शक्य राहत नाही, आणि या एका गोष्टीमुळे ती शस्त्रक्रिया करण्याआधी त्या स्त्रीशी एक स्पष्ट संभाषण अनिवार्य ठरते. वय सत्तर आहे, पती हयात नाही, म्हणजे प्रश्नच नाही, असे गृहीत धरून ते संभाषण टाळले जाण्याचा धोका असतो. विधवेच्या देहातून इच्छा वजा करण्याची जी प्रथा समाजाने केशवपनासह मोडीत काढली, तिने तपासणीच्या खोलीत पुन्हा प्रवेश करू नये. बहुतेक स्त्रिया विचारल्यावर ‘नको आता ते’ असेच म्हणतील, ही शक्यता मोठी आहे, परंतु ते त्यांनी म्हणणे आणि त्यांच्या वतीने इतरांनी ठरवणे यांत तत्त्वतः फार अंतर आहे.

म्हणून किमान छेदाच्या शस्त्रक्रियेचे धार्मिक व नैतिक महत्त्व छेदाच्या लांबीत नाही. मोठी चिरफाड, आठवड्यांचे अंथरूण आणि परगावचे रुग्णालय हे सर्व अटळ होते तोवर ‘या वयात सोसवणार नाही’ हे म्हणणे करुणेचेही असू शकत होते. आता ते कारण राहिले नसल्याने निर्णय पुन्हा त्या स्त्रीकडे येतो, आणि तो घेण्यासाठी तिला पर्याय समजावून सांगावे लागतात. त्या पर्यायांत शस्त्रक्रिया न करणेही असते. सिलिकॉनची गोल रिंग योनीमार्गात बसवून गर्भाशय वर धरून ठेवता येते. ती ठरावीक महिन्यांनी काढून, धुऊन, आतली त्वचा तपासून पुन्हा बसवावी लागते. सोबत इस्ट्रोजेनचे मलम आणि कटितळाच्या स्नायूंचे व्यायाम दिले जातात, आणि त्याने अनेकींचे उरलेले आयुष्य सुखाचे जाते. हे सांगताना मुलाला किंवा सुनेला थोडा वेळ बाहेर बसवावे लागते, कारण त्यांच्यासमोर वृद्ध स्त्री लघवीविषयी बोलत नाही. बोलणे तिच्या बोलीत, अहिराणीत वा लेवा गणबोलीत झाले तर ती अधिक मोकळी होते. एवढे सारे ऐकून घेतल्यानंतर तिने शस्त्रक्रियेला नकार दिला, देहाचे आता जे व्हायचे ते होवो असे म्हणाली, तर तो नकार तिच्या केसपेपरवर तिच्या शब्दांत नोंदवून तिला रिंगसाठी पुढची तारीख द्यावी, आणि त्या तारखेला हाच प्रश्न तिला पुन्हा विचारावा.